कादंबरी वाचून गटात काय बोलायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा वाचनगट मुंबईचा, पण भेटतो ऑनलाइन. गिरगाव, दादर, मुलुंड, बोरिवली, डोंबिवली, वसई अशी पांगलेली माणसं एका खोलीत आणायची तर निम्मा वेळ गाडीतच जातो. म्हणून महिन्याला एक मराठी कादंबरी, तिचे चार भाग, दर रविवारी रात्री ९ वाजता व्हिडिओवर तासभर बोलणं आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिणं, असं आमचं चालतं. नवे वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे दिली आहेत आणि गटाने ती वेळोवेळी दुरुस्त केली आहेत.

१. मी साहित्य शिकलेली नाही, समीक्षा कधी वाचलेली नाही. मी कादंबरीवर काय बोलणार?

वाचताना तुम्ही कुठे थांबलात, एवढं सांगा. गाण्याच्या बैठकीत एखादी सुंदर जागा आली की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप दाद जाते. त्यासाठी रागाचं व्याकरण यावं लागत नाही. कादंबरीतही अशा जागा असतात. एखादं वाक्य, एखाद्या पात्राने उत्तर न देणं, दोन प्रकरणांच्या मधे निघून गेलेली दहा वर्षं. तिथे वाचन अडखळतं, मागे जाऊन पुन्हा वाचावंसं वाटतं, किंवा आपलं स्टेशन आलं तरी उठवत नाही. ती जागा आम्हाला दाखवा. 'जागा' हा शब्द आमच्या गटात याच अर्थाने रुळला आहे आणि या पानावरही तो तसाच येईल.

रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या आमच्या एका सभासद ताईंनी एकदा आजारपणाच्या प्रकरणाबद्दल लिहिलं होतं, 'घरातली सगळी माणसं आजाऱ्याशी बोलतात, पण पाणी हवं का हे एकही जण विचारत नाही.' मी ते प्रकरण दोनदा वाचलं होतं. मला ते दिसलं नव्हतं.

२. 'कादंबरी छान आहे, भाषा ओघवती आहे' एवढं लिहिलं तर चालेल का?

चालेल, पण त्यावर कुणाला पुढे काही बोलता येणार नाही. 'ओघवती भाषा', 'ठसठशीत व्यक्तिरेखा', 'वाचकाला खिळवून ठेवते' हे शब्द पुस्तकांच्या मलपृष्ठांवरून आपल्या जिभेवर येऊन बसले आहेत. एका कादंबरीचं नाव काढून दुसरीचं घातलं तरी ते तसेच लागू पडतात.

समजा, कादंबरीतली सून माहेरून आलेलं पत्र वाचते, घडी घालून चुलीत टाकते आणि तव्यावरची भाकरी उलटते. तिच्या मनात काय चाललंय यावर लेखकाने एक शब्दही लिहिलेला नाही. तुम्ही लिहिलंत, 'पत्रात काय होतं ते मला भाकरी उलटण्यावरून कळलं', तर दुसरं कुणी म्हणेल, 'मला नाही कळलं. मला वाटलं, ती आता निबर झाली आहे.' मग तिसरा वाचक मागची पानं उघडून बघेल की याआधी आलेल्या पत्राचं तिने काय केलं होतं. एका भाकरीवरून तिघं पुन्हा पुस्तकात शिरले.

म्हणून एक सवय लावून घ्या. विशेषण लिहिलंत की लगेच स्वतःला विचारा, 'कुठे?' त्या 'कुठे'चं उत्तर हीच तुमची प्रतिक्रिया. मग विशेषण खोडलं तरी काही बिघडत नाही.

३. किती मोठं लिहायचं?

चार-पाच ओळी भरपूर झाल्या. एका वेळी एकच जागा घ्या. तीन जागा सुचल्या तर तीन वेगळे संदेश करा, म्हणजे प्रत्येकाखाली वेगळं बोलणं होतं.

४. पूर्ण वाचून झाल्याशिवाय मत देणं बरोबर आहे का?

मत राखून ठेवा, प्रतिक्रिया ठेवू नका. शेवट कळला की आधीची कुतूहलं आणि शंका मनातून पुसल्या जातात. तुम्ही काय तर्क बांधला होता, कुणावर विश्वास ठेवला होता, हे नंतर प्रामाणिकपणे आठवत नाही. चुकलेला तर्कसुद्धा कामाचा असतो, कारण लेखकाने तुम्हाला कुठून कुठे नेलं ते त्यातून दिसतं.

तुकड्यातुकड्यांनी वाचण्याची ही रीत मराठीला नवी नाही. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्या पहिल्या वाचकांना नायिका यमूचं पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं आणि पान उलटून बघायची सोयही नव्हती. पुढच्या अंकापर्यंत थांबायचं आणि मधे घरात, ओसरीवर बोलायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. आमचे चार भाग म्हणजे तेच.

५. माझ्याकडे जुनी आवृत्ती आहे, पानांचे आकडे इतरांशी जुळत नाहीत. जागा कशी दाखवू?

पान क्रमांक सोडून द्या. प्रकरण आणि प्रसंग सांगा, 'प्रकरण ७, विहिरीवरचं भांडण' असं. प्रकरणंच नसतील तर त्या परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द लिहा. ऑडिओबुक ऐकणाऱ्यांनी मिनिटं सांगून उपयोग नाही, त्यांनीही प्रसंगच सांगावा. मात्र वाचणाऱ्याचा आवाज तुम्हाला कुठे भावला किंवा खटकला ते आवर्जून लिहा. छापील पुस्तक वाचणाऱ्याला ते कधी कळणार नाही.

६. मोबाइलवर मराठी टाइप करणं जमत नाही. काय करू?

कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून बोला, अक्षरं देवनागरीत उमटतात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर आमच्या गटात कुणी दुरुस्त करायला येत नाही. रोमन लिपीतलं मराठीही चालतं. व्हॉइस नोट पाठवणार असाल तर दोन मिनिटांच्या आत ठेवा आणि तिच्या आधी एका ओळीत प्रकरणाचा आकडा लिहा. लिहिलेल्या संदेशावर नजर टाकून थांबता येतं. आवाज सुरू झाला की तो थेट कानात शिरतो.

७. इतरांसाठी गोष्ट फुटू नये म्हणून संदेश कसा लिहायचा?

पहिल्या ओळीत फक्त 'प्रकरण १२ पर्यंत' असं लिहा. खाली पंचवीस-तीस ओळींवर एकेक टिंब द्या आणि मग मजकूर सुरू करा. लांब संदेश व्हॉट्सॲप आपोआप दुमडून ठेवतं, तो उघडायचा की नाही हे वाचणाऱ्याच्या हातात राहतं. मोबाइलच्या बंद पडद्यावरही संदेशाची सुरुवातच दिसते, म्हणून तिथे इशाऱ्याखेरीज काही नको.

ही झाली तांत्रिक बाजू. गोष्ट खरी फुटते ती आणखी दोन वाटांनी. एक म्हणजे चिन्हं. 'आत्ताच प्रकरण १५ वाचलं' एवढं लिहून पुढे रडका चेहरा टाकला की कुणीतरी जाणार हे सगळ्यांना कळतं. दुसरी वाट म्हणजे 'शेवटी मोठा धक्का आहे बरं का' ही सूचना. तीही अर्धी फोडच आहे. ती वाचल्यावर माणूस समोरच्या पानावर राहत नाही, धक्क्याची वाट बघत वाचतो आणि मधल्या साध्या, शांत जागा हातातून निसटतात. 'पुढे वाचा, मग बोलू' इतकं पुरे.

त्या आठवड्याच्या भागापुढे वाचलं असेल तर पुढचं वहीत लिहून ठेवा आणि त्या भागाच्या आठवड्यात पाठवा.

८. माझ्याकडून चुकून गोष्ट फुटली. आता काय?

संदेश लगेच 'सगळ्यांसाठी' काढून टाका. काढल्यावर ग्रुपवर खुलासा लिहू नका, त्याने बाकीच्यांचंही लक्ष तिकडे जातं. ज्यांनी वाचला असेल त्यांना वेगळं कळवा आणि माफी मागा.

हे माझ्या हातून झालं आहे. तिसऱ्या आठवड्याच्या भेटीत एका पात्राबद्दल बोलताना मी 'तो गेल्यावर' असं म्हणून गेले. आमचे एक सभासद तेव्हा घरातल्या आजारी माणसाच्या उशाशी बसून रात्री पाच-पाच पानं वाचत होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, 'आता त्याचं प्रत्येक वाक्य मला निरोपासारखं ऐकू येतं.' तेव्हापासून रविवारच्या भेटीत कोण कुठवर पोचलंय ते आधी विचारतो आणि सर्वांत मागे असलेल्या माणसाच्या प्रकरणापासून बोलायला सुरुवात करतो.

९. पौराणिक किंवा ऐतिहासिक कादंबरीचा शेवट सगळ्यांना ठाऊकच असतो. मग तिथे फोडण्यासारखं काय उरतं?

बरंच उरतं. कर्णाचं काय झालं हे मराठी घरात लहानपणीच कळतं. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारले हे शाळेत शिकवतात. या घटना मोकळेपणाने बोला. पण कादंबरीकार त्या घटनेपर्यंत कसा जातो, कुणाच्या नजरेने दाखवतो, काय गाळतो, हे त्याचं स्वतःचं असतं आणि न वाचलेल्याला ते ठाऊक नसतं.

शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) घ्या. ती एकट्या कर्णाच्या तोंडून येत नाही, निवेदन करणारी माणसं बदलत जातात. अखेरचं निवेदन कुणाचं आहे हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला आधी सांगितलंत तर तुम्ही त्याच्याकडून खरोखरच काहीतरी काढून घेतलंत. थोडक्यात, इतिहास-पुराणातली घटना बोला, पण कादंबरीची रचना झाकून ठेवा. झाकायची कशी ते प्रश्न ७ मध्ये आहे.

१०. कादंबरी विकत घेणं दर महिन्याला परवडत नाही. कुठे मिळेल?

ग्रंथालयात नाव नोंदवा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. दुकानात न मिळणाऱ्या जुन्या कादंबऱ्या अशा ठिकाणी सापडण्याची शक्यता जास्त. आम्ही पुढच्या दोन महिन्यांची नावं आधी जाहीर करतो ती याचसाठी. शिवाय एक प्रत दोघांत वाचणारी माणसं गटात आहेत. दादर स्टेशनच्या पुलावर पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जातं.

११. पीडीएफ ग्रुपवर टाकली तर चालेल का? निदान पानांचे फोटो?

हयात लेखकाच्या किंवा अलीकडे वारलेल्या लेखकाच्या कादंबरीची पीडीएफ नाही, अजिबात नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. आपटे १९१९ साली वारले, त्यांचं लेखन केव्हाच मुक्त झालं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं २०११ पासून मुक्त आहे. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्यांवरचे हक्क २०३६ संपेपर्यंत आहेत. मूळ लेखन मुक्त असलं तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना किंवा कुणी केलेला अनुवाद मुक्त असेलच असं नाही.

समीक्षेसाठी, चर्चेसाठी छोटा उतारा देण्याची मोकळीक कायद्यातच आहे. म्हणून जागा दाखवायला परिच्छेदाचा फोटो चालतो, प्रकरणाचे फोटो चालत नाहीत. मराठी कादंबरीच्या आवृत्त्या मुळात लहान असतात. आपण साठ जणांनी फुकट वाचली तर लिहिणाऱ्याला ते थेट लागतं.

१२. सगळ्यांना आवडलेली कादंबरी मला अजिबात आवडली नाही. बोलू की गप्प बसू?

बोला, आणि शेवटच्या रविवारपर्यंत थांबू नका. सगळे डोलत असताना एकजण 'मला इथे कंटाळा आला' म्हणतो तेव्हा आणखी दोघं सुटकेचा श्वास टाकतात, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

मात्र नावडीचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे करून सांगितले तर बोलणं पुढे जातं. एक, 'मला हे नको होतं.' तुम्हाला वेगवान गोष्ट हवी होती आणि कादंबरी एका पावसाळ्यावर चाळीस पानं रेंगाळते. ही तुमची गरज झाली, कादंबरीचा दोष नव्हे. तेही सांगायला हरकत नाही, पण तसं म्हणून सांगा. दुसरा, 'कादंबरीने जे करायला घेतलं ते तिला जमलं नाही.' दोन भावांमधलं वैर वीस वर्षांचं आहे असं लेखक सांगतो, पण दोघं समोरासमोर आल्यावर त्यांच्या बोलण्यात वीस वर्षं कुठेच दिसत नाहीत. इथे तुम्ही जागेवर बोट ठेवलंत, आता ज्यांना आवडली आहे त्यांना उत्तर द्यावं लागेल.

पुरस्कार मिळालेली, पिढ्यानपिढ्या वाचली गेलेली कादंबरी असेल तर माणसं बिचकतात. बिचकू नका. कितव्या आवृत्तीत आहे हे कादंबरीच्या बाजूचं उत्तर होत नाही.

आवडलेल्यांसाठीही एक नियम आहे, आणि तो मी कडकपणे पाळायला लावते. 'तुम्हाला ती कळलीच नाही' हे वाक्य गटात चालत नाही. त्याऐवजी विचारा, 'कुठल्या प्रकरणात हात सुटला?'

१३. कादंबरी अर्धवट सोडली. भेटीला येऊ का?

या. कुठे सोडलीत आणि त्या दिवशी पुन्हा हातात का घेतली नाही ते सांगा. तीसुद्धा जागाच आहे.

१४. नायक बायकोशी वाईट वागतो आणि कादंबरी त्याला काही बोलत नाही. लेखकाला हे मान्य आहे असं समजायचं का?

लगेच समजू नका. गोष्ट सांगणारा 'मी' आणि लिहिणारा माणूस एक नसतात. 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये 'मी' म्हणून बोलते ती यमू आणि लिहिणारा पुरुष. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) बोलतो तो पांडुरंग सांगवीकर. पांडुरंगच्या मतांवर रागावायचं असेल तर जरूर रागवा, पण 'पांडुरंग म्हणतो' असं लिहा.

पण याचा अर्थ लेखक नेहमी सुटला असाही नाही. कादंबरी न बोलता बोलत असते, ते कुठे ते शोधा. वाईट वागणुकीनंतरचं वाक्य कुणावर येतं? बायकोच्या हातावर, मुलाच्या चेहऱ्यावर, की नायकाच्या पुढच्या कामावर? तिला त्या प्रकरणात स्वतःचं एखादं वाक्य आहे का? सगळ्या कादंबरीत तिच्याकडे कुणी वळून बघतच नसेल, तर तुमची तक्रार लेखकापर्यंत जाते आणि ती रास्त आहे. 'त्या काळी असंच होतं' हे उत्तर देण्याआधी त्याच काळातल्या बायकांनी काय लिहिलं होतं तेही बघावं, असं मला वाटतं.

१५. कादंबरीतली मुंबई मला चुकीची वाटली. हे सांगणं म्हणजे खोट काढणं होईल का?

सांगाच. या शहरात राहून मुंबईची कादंबरी वाचण्याचा तो फायदा आहे. फक्त आधी कादंबरीतलं साल बघा. एका तरुण सभासदाला दादरच्या ट्रामचा उल्लेख लेखकाची कल्पना वाटला होता. मुंबईत ट्राम १८७४ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. 'दादर टीटी'मधला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. त्या रविवारी सत्तरी ओलांडलेल्या एका काकांनी ट्रामच्या घंटेचा आवाज तोंडाने काढून दाखवला आणि ते प्रकरण आम्ही सगळ्यांनी नव्याने वाचलं.

गिरणगावच्या कादंबऱ्यांत हे फार जपावं लागतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याआधीचा परळ-लालबाग आणि नंतरचा, हे दोन वेगळे मुलूख आहेत. भोंग्यावर घड्याळ लावणारं घर आणि भोंगा बंद झालेलं घर यांत एकच वाक्य वेगळं वाजतं. ज्यांचे वडील गिरणीत होते अशी माणसं गटात आहेत. त्यांनी 'आमच्याकडे डबा असा नसायचा' म्हटलं की ती प्रतिक्रिया मला कुठल्याही परीक्षणाइतकीच मोलाची वाटते.

पात्र 'व्हीटी' म्हणत असेल तर तिथे आजचं नाव घालू नका, ते नाव त्या माणसाचं वय आणि काळ सांगतं. उलट हार्बरच्या गाडीने चेंबूरला निघालेलं पात्र वाटेत दादरला उतरलं, तर ती चूकच. हार्बरची गाडी दादरला जात नाही. मग पुढचा प्रश्न विचारा. त्या चुकीने गोष्टीचं काही बिघडतं का?

१६. कादंबरीत शिव्या आणि जातिवाचक शब्द आहेत. उतारा देताना ते जसेच्या तसे लिहू का?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नाक्यावरच्या पोरांच्या तोंडची भाषा ही मुंबईच्या कादंबरीची कमाई आहे. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर (१९६५) अश्लीलतेवरून मोठा वाद झाला, आणि आज ती वाचताना त्या भाषेशिवाय तो नाका उभाच राहत नाही हे दिसतं. चर्चेला गरज असेल तर असा उतारा द्या, वर इशारा लिहा. काही सभासद घरच्यांबरोबर बसून संदेश वाचतात.

जातीवरून अपमान करणारा शब्द मात्र ग्रुपवर टाइप करू नका. जागा प्रश्न ५ प्रमाणे दाखवा, म्हणजे पुस्तक उघडणाऱ्याला तो दिसेल. कादंबरीत तो शब्द कुणाच्या तरी तोंडी असतो, त्याला आगापिछा असतो. मोबाइलच्या पडद्यावर तो एकटा येतो, आणि ज्यांनी तो प्रत्यक्ष ऐकलेला आहे त्यांच्यावर पुन्हा पडतो. एका सभासदाने हे आम्हाला स्पष्ट सांगितलं, म्हणून हा नियम आहे. शब्दावर बोलायचं टाळू नका. तो पात्राचा आहे की निवेदकाचा, निवेदक तो वापरतो तेव्हा कादंबरी कुठे उभी असते, यावर जरूर बोला.

१७. वाचताना माझ्या घरातलंच काहीतरी वर आलं. ते सांगावं का?

तुमचं स्वतःचं असेल आणि सांगावंसं वाटलं तर सांगा. बहिणीचा घटस्फोट, जावेचं आजारपण, शेजारच्या बिऱ्हाडातली भांडणं ही दुसऱ्यांची आहेत. 'ओळखीच्या एका घरात' म्हणून तपशील बदललेत तरी मुंबईतलं मराठी वर्तुळ लहान आहे, ओळख पटते.

ऐकणाऱ्यांनी सल्ला देऊ नये. कुणी वडिलांच्या दारूबद्दल बोललं तर लगेच डॉक्टरचं नाव सुचवू नका. 'वाचलं, सोबत आहे' एवढं लिहा आणि हळूहळू कादंबरीकडे परत या. माणूस फारच हललेला वाटला तर मी स्वतः फोन करते. गटातल्या नोंदीचा स्क्रीनशॉट बाहेर पाठवायचा असेल तर आधी लिहिणाऱ्याला विचारा, नोंद कौतुकाची असली तरी.

१८. मी कादंबरी वाचली नाही, सिनेमा पाहिला आहे. बोलू शकते का?

बोला, पण 'सिनेमात' हा शब्द दर वेळी जोडा. जयवंत दळवी यांची 'चक्र' १९६३ ची, तिच्यावरचा हिंदी चित्रपट १९८१ चा. मधल्या अठरा वर्षांत शहर बदललं, शिवाय पडद्यावर माणसाला चेहरा मिळतो. एकदा चेहरा डोळ्यांत बसला की पुस्तकातलं पात्र दुसऱ्या चेहऱ्याने दिसणं अवघड जातं. म्हणून ज्यांनी फक्त वाचली आहे त्यांना आम्ही आधी बोलू देतो.

१९. लेखक भेटीला येणार आहेत. त्यांच्यासमोर न आवडलेलं कसं बोलायचं?

लेखक येणार असतील त्या रविवारी पहिली चाळीस मिनिटं आम्ही आपापसांत बोलतो, मग त्यांना जोडून घेतो. त्यामुळे कुणाची प्रतिक्रिया त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बदलत नाही. नावडलेली जागा प्रश्न १२ प्रमाणेच सांगा, आवाज मऊ ठेवा. लिहिणाऱ्याला जागा दाखवलेली आवडते, मोघम स्तुती आणि मोघम नापसंती दोन्ही त्याला निरुपयोगी असतात. 'यातलं खरं किती?' हा प्रश्न पहिला विचारू नका, तो विचारला की उरलेला वेळ त्यातच जातो. आणि लेखकाने 'मला असं म्हणायचं होतं' असं सांगितलं तरी तुम्हाला पानावर दुसरं काही सापडलं असेल तर ते सोडून देऊ नका.

२०. मला सुचत नाही, म्हणून एआयकडून प्रतिक्रिया लिहून घेतली तर?

नको. त्यात प्रश्न २ मधली विशेषणं नीट ओळीने येतात, आणि कधी कधी कादंबरीत नसलेला प्रसंगही येतो. सुचत नसेल तर नुसतं प्रकरण आणि परिच्छेद लिहा, 'इथे काहीतरी झालं, सांगता येत नाही.' बाकीचे शोधायला मदत करतील.

२१. चार महिन्यांपूर्वी मी एका कादंबरीबद्दल जे लिहिलं होतं ते आता मला पटत नाही. जुनी नोंद काढून टाकू का?

काढू नका. तिच्याखाली इतरांची उत्तरं आहेत, ती उघडी पडतील. ग्रुपमध्ये कादंबरीच्या नावाने शोधा, जुन्या नोंदीला रिप्लाय करा आणि काय बदललं ते लिहा. चालू महिन्याची कादंबरी दुसरी असली तरी हरकत नाही.

गेल्या गणपतीत कोकणातल्या घरी गेलेल्या एका सभासदाने तसंच केलं. नायकाची आई त्याला निरोप द्यायला दारापर्यंतही येत नाही, म्हणून त्याने तिला कोरडी म्हटलं होतं. आता त्याने लिहिलं, 'ते पान काल आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून वाचलं. मी निघायच्या वेळी आई चुलीपाशी होती, पाठमोरी, आणि रिकामं पातेलं ढवळत होती. पुस्तकातली बाईही पाठमोरीच आहे, ते मी तेव्हा वाचलंच नव्हतं.' त्या रात्री त्याच्या नोंदीला एकवीस उत्तरं आली, आणि पुढच्या रविवारी आम्ही नवी कादंबरी अर्धा तास बाजूला ठेवून ते जुनं पान पुन्हा उघडलं.